टोपीतली फुलं

नाना, सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसते आहे. एकदा दूध उतू जाईल म्हणून उठले, एकदा उगीचच. जळगावच्या या घरात आईचा पाटा मी आणून ठेवलाय आणि त्याखाली आत्ता फुलं आहेत. ती नीट वाळताहेत ना म्हणून आज दोनदा पाटा उचलून पाहिला. दाबलेलं फूल सारखं उघडून बघू नये, पाकळी कागदाला चिकटून फाटते, हे तुम्हीच सांगितलेलं. पण तुमचं ऐकायची सवय मला तेव्हाही नव्हती.

आठवीत होते मी. धुळ्याला शाळांचं हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं आणि बाईंनी वर्गात एक बुकमार्क दाखवला होता, गुलाबाच्या वाळक्या पाकळ्या चिकटवलेला. आपल्या शिंदखेड्याकडच्या खेड्यात गुलाब कुठला? कपाशी मात्र फुलावर आलेली. मी सकाळीच शेतात गेले आणि ती दुधी-पिवळी, नुकती उमललेली फुलं तोडून ओढणीत भरत सुटले. एक आख्खी ओळ संपवली असेल. मागे वळले तर तुम्ही उभे.

"काय करी ऱ्हायनी?"

"शाळामा प्रदर्शन शे नाना. फुलं लागतस."

"हाई फूल नई शे, पोरी. हाई बोंड शे."

एवढंच. ओरडला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही माझ्या ओढणीतली फुलं घेतलीत आणि एकेक करून त्या त्या झाडाच्या बुडाशी ठेवत गेलात, जणू ती परत लागणार होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेतकऱ्याची पोर असून कपाशीचं फूल तोडायचं, ही चूक आपल्याकडे तीन वर्षांचं पोरही करत नाही. मग ओळीच्या शेवटी तुम्ही खाली वाकलात आणि मातीतून काहीतरी उचललंत. बोंड धरलं की फूल आपोआप गळतं. लालसर होऊन, विडीसारखं गुंडाळून पडलेलं असतं. "तोडू नको. पडेल उचल," तुम्ही म्हणालात, "त्यास्नं काम व्हई गयं."

त्यानंतर महिनाभर तुम्ही रोज संध्याकाळी शेतातून येताना टोपी डोक्यावर नाही, हातात धरून यायचात. टोपीत ती लाल फुलं. मी चुलीपुढे परातीत कोमट पाणी घेऊन बसायचे, तुम्ही शेजारी. फूल पाण्यात थोडं सैल झालं की केरसुणीच्या काडीने एकेक पाकळी उलगडायची. ढेकळं फोडणारी तुमची बोटं, पण पाकळी फाटायची ती माझ्याकडून. उलगडलेलं फूल वर्तमानपत्रात ठेवायचं, म्हणजे किराण्याच्या पुड्यांचे जपून ठेवलेले कागद, आणि वर पाटा. आई वैतागायची. "पाटाखाले बठ्ठा फुलंच शेतस! आते मी चटणी काय मना डोकावर वाटू?" तुम्ही हसायचात आणि दोन दिवस कोरड्या भाकरीबरोबर कांदा खायचात. जुन्या लग्नपत्रिका कापून पट्ट्या केल्या, खळीनं फुलं चिकटवली, पोती शिवायच्या दाभणाने तुम्ही भोकं पाडलीत आणि मी लोकरीचे गोंडे ओवले. वाळल्यावर त्या फुलांचा रंग जांभळ्याकडे झुकायचा. इतकं सुंदर काही आपल्या घरात तोवर कुणी केलं नव्हतं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

धुळ्याला तुम्ही माझ्यासोबत आलात. धुतलेलं धोतर, तीच टोपी. शहरातल्या मुलींचे वडील पँट-बुशशर्टात होते. तुम्ही दाराशीच थांबलात, चपला हातात घेऊन. कुणी सांगितलं होतं चपला काढायला? मला इतकी लाज वाटली, नाना, की मी तुमच्याकडे पाठ करून टेबलाशी उभी राहिले. परीक्षक बाई आल्या. एक पट्टी उचलून उजेडात धरली.

"कपाशीचं फूल? अगं, हे कुणाला सुचत नाही. कुणी शिकवलं तुला?"

मी म्हणाले, "एका मासिकात वाचलं होतं."

बाईंनी शाबासकी दिली. मला दुसरा नंबर मिळाला. मी वळून पाहिलं तेव्हा तुम्ही दारातून दोन पावलं आत आला होतात.

ऐकलंत का? हाच एक प्रश्न इतकी वर्षं मला स्वस्थ बसू देत नाही. एस.टी.त तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत, भुईमुगाच्या शेंगा घेऊन दिल्यात, प्रशस्तिपत्राची सुरळी चुरगळू नये म्हणून मांडीवर आडवी धरून बसलात. ऐकलेला माणूस असं करेल? पण पुढच्या वर्षी कपाशी फुलली, गळली, आणि तुम्ही संध्याकाळी टोपी डोक्यावर घालूनच घरी आलात. रोज. मी दारात उभी राहून बघायचे. विचारलं नाही. तुम्ही गेलात तोवर विचारायला पुष्कळ दिवस होते, एकाही दिवशी विचारलं नाही.

आता कॉलनीतल्या बायकांना मी हेच शिकवते. कपाशी मिळत नाही, मग जास्वंद, बोगनवेल, जे गळालेलं असेल ते. तोडलेलं मी हातात घेत नाही, आणि बायका त्याला माझी तऱ्हा म्हणतात. काल एक नवी सून आली होती. पाकळी उलगडताना माझ्या हाताकडे बघत तिने विचारलं, "काकू, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" खोलीत माझ्याकडे शिकणाऱ्या बायकाच होत्या, लाज वाटावी असं दारात कुणी उभं नव्हतं. तोंडात 'माझ्या नानांनी' आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर त्या दिवशी म्हटलं नाही हेही म्हणावं लागलं असतं.

मी म्हणाले, "मासिकात वाचलं होतं."

आपल्या घरात मासिक कधी आलंच नाही, नाना.