हात मोकळे ठेवून

मंगळ. ४ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न लागलं. आता आमच्या अभिचंही लागू दे म्हणून अंबाबाईला हात जोडून आले.
घरी आले तर अभिनंच मोबाइल पुढं धरला. मुलीचा फोटो. मलकापूरची, नाव वैष्णवी. अभिसारखंच तिलाही जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या आईवडिलांनाही नाही. दोघं वर्षभर व्हिडिओवर हातांनी बोलतायत म्हणे! एका घरात राहून मला पत्ता नाही. हे म्हणाले, "आवाज न करता सगळं जमवून बसलाय की गडी!"
रविवारी जायचं ठरलं.

रवि. ९
मलकापूरहून आले. कुठून लिहायला धरावं...
बेल दाबली तर आत दिवा लुकलुकला. ह्यांनी सवयीनं दारातूनच "नमस्कार पावणं!" असा आवाज दिला की शेजारची माणसं बाहेर आली. वै.ची मावशी तेवढी ऐकणारी. म्हणाली, "दाजी, आणखी जरा मोठ्यानं. कोल्हापुरात ऐकू जायचं राहिलंय." तोंडानं बोलली आणि बरोबरीनं हातांनीही, म्हणून सगळं घर एकदम हसलं.
सगळे गोल बसले होते, प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसेल असे. आणि अभि! आमच्यात खाली मान घालून जेवणारा अभि मधोमध बसून कारखान्यातल्या साहेबाचं पोट, त्याची चाल, चहात बिस्किट पडल्यावरचं त्याचं तोंड असं काही करून दाखवत होता की वै.चे वडील डोळे पुसायला लागले. मी ह्याला गरीब स्वभावाचा समजत होते. सत्तावीस वर्षं. माझं पोर इतकं बोलकं आहे हे मला परक्याच्या घरात कळलं.
पोहे झाले. आपल्यात मुलीला विचारतात. इथं मुलीनंच बशी खाली ठेवली, हात मोकळे केले आणि अभिला विचारलं. मावशी बोलून सांगत होती.
"तुमच्यात जेवताना कोण कोण बोलतं?"
"सगळे. मी सोडून."
खोटं कुठं होतं?
मग ती माझ्याकडं वळली. थेट डोळ्यांत बघून. "मला भरल्या घरात ताटावर एकटी बसायचं नाही. तुम्हाला हातांनी बोलता येतं?"
मी मान हलवली. नाही.
"तीस तारखेला आम्ही घर बघायला येतो. त्यावर ठरवीन."
येताना हे म्हणाले, "पोरगी फटकळ हाय. आपल्यातलीच वाटती." अभि खिडकीतून बाहेर बघत होता. त्याच्या जिवाची काय उलघाल चालली असेल ते त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

सोम. १०
अभि चार वर्षांचा असताना एक बाई शिकवायच्या. म्हणाल्या, हातवारे करू देऊ नका, नाहीतर तोंड उघडायचा नाही. मी ऐकलं. ताटावर बसला की त्याचं मनगट धरायची. "पाणी म्हण." म्हणेपर्यंत तांब्या लांब. "आई" आणि "पानी" असे दोन शब्द आले तेव्हा गल्लीत पेढे वाटले.
बाईंनाही तसंच शिकवलं असेल. पण धरणारे हात माझे.
आज कागदावर लिहून दिलं, मला शिकव. त्यानं दोनदा वाचलं. मग मला पाटावर बसवून स्वतः समोर बसला, मास्तरसारखा.

गुरु. १३
भाकरी, पाणी, मीठ, ये, बस, भूक एवढं जमलं. हात जमतात, तोंड जमत नाही. प्रश्न विचारायचा तर भुवया उचलायच्या. नाही उचलल्या तर विचारलंच नाही. रागाला राग, दुःखाला दुःख चेहऱ्यावर आलं पाहिजे, नाहीतर शब्द अर्धा.
मी सासरी आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं हेच मोडलं. मान खाली, नजर खाली, मनातलं तोंडावर दिसता कामा नये. तेवढ्याचंच कौतुक व्हायचं माझं. आता पोरगं माझी हनुवटी धरून वर करतंय आणि म्हणतंय, दिसू दे.

शनि. १५, एकादशी
उपवास. आज नावं शिकले. अभिच्या मंडळींत प्रत्येकाला हातांचं एक नाव असतं. ते आपण घ्यायचं नसतं, दुसऱ्यांनी ठेवायचं. ह्यांचं नाव मिशीला पीळ. मला करून दाखव म्हणाला. मी लाजले. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, एरवी कधी नाव घेतलं नाही. इकडंतिकडं बघितलं आणि घेतलं. हे दारात! "काय गं, कुणाला मिशी दाखवतीस?" अभि लोळून हसला. हसण्याचा आवाज मात्र त्याचा माझ्या वडिलांसारखा आहे.
मग विचारलं, भुवया उचलून, माझं नाव?
त्यानं मग एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. घट्ट.
शाळेतल्या मित्रांनी ठेवलेलं. सगळ्यांना तेच माहीत आहे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांच्यात काळ्याला काळा म्हणतात, जाड्याला जाडा, तसं.
बदल म्हटलं तर म्हणाला, मला नाही बदलता येत.
फराळ केला नाही. नुसतं पाणी.

शुक्र. २१
देवळात गेलो, मी आणि अभि. लहानपणापासून बघते, हा अंबाबाईसमोर छातीजवळ हात हलवत उभा राहतो. मला वाटायचं नमस्कार नीट जमत नाही. आज त्याच हातांतले चार शब्द ओळखले. मनगट, म्हणजे मी. शिकते. मग हात. मग नाकाचा शेंडा वर करून काहीतरी, म्हणजे कच्चं आहे अजून.
माझी चहाडी करत होता देवीजवळ!
अंगावर काटा आला. इतकी वर्षं हा तिच्याशी बोलतोय, बाजूला उभी राहून मी डोळे मिटून घेत होते. तिला कुणी शिकवलं असेल त्याचं बोलणं? कुणी नाही. ती बघत राहिली असेल, बस्स.

गुरु. २७
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, फळं, पोथी.
एक कळलं. मी जन्मभर कामात बोलत आले. भाकरी थापताना, निवडताना, पाठ फिरवून. कुणासाठी हात थांबले नाहीत. हातांनी बोलायचं तर हातातलं खाली ठेवावंच लागतं. वै.च्या आईनं त्या दिवशी मला "साखर हवी का" एवढं विचारायला किटली खाली ठेवली होती. तेव्हा वाटलं, किती हळू चाललंय ह्यांचं.

रवि. ३०
आले. चौघं, मावशी धरून.
मी भाकरीला बसले होते. फरशी हादरली, वळून बघते तर वै. पाय आपटून उभी. मावशी बाहेर. तिनं मुद्दाम तशी वेळ बघितली असावी. तुम्ही अभिचे हात का धरायचात, विचारलं.
भाकरी तव्यावर टाकली, पीठ झटकलं, मान वर केली. बाईंनी सांगितलं. मी ऐकलं. त्याच्याकडं बघितलं नाही. चूक माझी. एवढेच शब्द येत होते, तेही मागंपुढं. बाकीचं चेहऱ्यावर किती आलं कोण जाणे. डोळ्यांतून आलं ते पुसायला हात रिकामे नव्हते.
मागं भाकरी जळली. दोघींनाही वास आला, कुणी हललं नाही.
मग तिनं पुढं होऊन ती उतरवली. आणि म्हणाली, भुवया वाईट आहेत तुमच्या.
सगळ्यांना जेवायला बोलवायचं म्हणून दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं. ह्यांनी टोमणा हाणलाच, "इतकी वर्षं पोराला ओरडत होतीस की, बिल वाढतंय म्हणून!" ताटं रांगेत न मांडता गोल मांडली. आधी पुरुष असं काही न ठेवता मीही बसले, ह्यांच्या समोर. ह्यांना घास गिळेना! हातांनी बोलण्यात आमटी निवली. करपलेली भाकरी वै.नं घेतली.
निघताना, कळवतो म्हणाले.

मंगळ. २ डिसेंबर
काही निरोप नाही. अभि जेवत नाही नीट.
तुळशीला पाणी घालून आले तर तो मोबाइलवर, पडद्यात वै. तिनं कुणीतरी कुठं आहे असं विचारलं. मला एकच शब्द ओळखता आला नाही. दोन्ही तळवे एकमेकांवर झटकायचे, पीठ झाडल्यासारखे. कुणाचं तरी नाव असावं. कोण म्हणून मी अभिला विचारलं. त्यानं माझ्याकडं बोट केलं.
पडद्यातून ती बघत होती. भुवया वर.
मी तांब्या खाली ठेवला.