तुमच्यावाचून सुरू झालेली मोटर

प्रिय नाना,

परवा पाण्याच्या फिल्टर प्लांटची मोटर बंद पडली आणि काल सुरूही झाली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. आज पोटभर जेवलो, आणि मग हे पत्र लिहायला बसलो.

तुम्ही गेलात तेव्हा मी रडलो. पण खोटं कशाला बोलू? निम्मं रडू पाण्यासाठी होतं. आता प्लांट गंजणार आणि आपण पुन्हा टँकरमागे धावणार, असंच वाटलं!

त्या दुष्काळात पुण्याची एक संस्था प्लांट द्यायला आली, आठवतं? अर्ज माझा. त्यातलं ‘जलाभावपीडित ग्रामस्थ’ वाचून संस्थेच्या मॅडमनी विचारलं, “म्हणजे तहानलेले ना?” अट एकच: महिन्याभरात ग्रामसभा घ्या, समिती नेमा. दूध सोसायटीचे चेअरमन तुम्ही. तुमच्या शब्दाबाहेर होतं कोण? आणि तुम्हीच अडून बसलात!

“अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय. त्यांच्या माघारी पाण्याचं ठरवायचं? न्हाई.”

“नाना, संस्था दुसऱ्या गावाला जाईल!”

“मग आपुन फडावर जाऊ की, गुरुजी.”

आणि खरंच, सोसायटीच्या टेम्पोत मॅडमना पुढे आणि मला दुधाच्या कॅनांवर बसवून निघालात. उसाच्या मोळ्यांवर बसून झालेली ती ग्रामसभा! चंद्रकलेने कोयता बाजूला ठेवला आणि विचारलं, “टाकी तुमच्या डेअरीम्होरं? आन् आमच्या वस्तीवरच्या बायांनी हंडे घेऊन टेकाड चढायचं व्हय, नाना?” तुम्ही टोपी काढून डोकं खाजवलंत. टाकी वस्तीपाशी बसली.

पाणी समितीचं अध्यक्षपद मात्र मरेपर्यंत सोडलं नाहीत. मी एकदा तोंडावर म्हणालोही, “तुमच्यावाचून गावात पाणी हलू नये, हीच हौस ना?” तुम्ही नुसते हसलात. अहो, उत्तर द्यायचं होतं की!

परवा मोटर थांबली तेव्हा गावात पोरंसोरं, म्हातारी माणसं आणि मी. चंद्रकला फडावर. “तिलाच विचारा,” असं आमची ही म्हणाली, पण चंद्रकलेचा फोन लागायला दुसरा दिवस उजाडला.

“मोटरीनं हवा धरली आसंल, गुरुजी. आधी बटन बंद करा. वरचं बूच खोला आन् पाणी वता. सावकाश!”

मी ओतलं, बूच लावलं, बटन दाबलं. पाणी आलं.

“तुला हे कुणी शिकवलं?”

“नानांनी. दर उन्हाळ्यात, आमी गावी आलो की. पाच जणी हाव आमी.”

“मग मला कसं ठाऊक नाही?”

“तुमी कधी हंडा घेऊन आलाव का? तुमच्या घरातनं काकूच येत्यात.”

नाना, ते हौसेचं वाक्य मी परत घेतो. लई उशीर झाला, मान्य.

काल संध्याकाळी नळाला रांग लागली होती. तुमचं नाव कुणी काढलं नाही. कुणाला गरजच पडली नाही. याहून मोठी स्तुती मला संस्कृतातही सुचत नाही.

उन्हाळ्यात चंद्रकला आणखी बायांना शिकवणार आहे. मीही जाईन, मागे बसेन, आणि (अवघड आहे, पण शब्द देतो) मध्ये बोलणार नाही.

तुमचाच,
गुरुजी