भुरी व्यायला झाली

पौष वद्य ४, फसली १३३६. गेवराई.

भुरीचं पोट दिसायला लागलं! मांजर अजून वर्षाची पण न्हाई. परवापर्यंत स्वतःच्याच शेपटीमागं गरागरा फिरत होती. बोका कुणाचा, कुठून आला, कुणाला पत्ता न्हाई. नीलम्माला म्हटलं, बरंच झालं, दुकानातले उंदीर धरायला आणखी दोन-चार येतील. ती हसली न्हाई. "लई कवळी हाय हो अजून," म्हणाली. आमच्या बायकोला कशाचीही फिकीर!

वद्य ८

उमापूरहून व्याह्यांचा, कल्याणरावांचा, निरोप — सून संक्रांतीला म्हणून माहेरी गेली ती तिथंच बसली, कधी पाठवता? आमच्या महानंदाला तेरावं वर्ष चालू हाय. माघात पाठवतो, अशी जुबान देऊन टाकली. व्याह्याला नाराज करून कसं चालेल? नीलम्मा आतून म्हणाली, "एवढी घाई कावून?" माझा आवाज चढला. महानंदा भुरीला मांडीवर घेऊन बसून होती.

अमावास्या

भुरी दूध पिईना.

माघ शुद्ध २

सकाळपासून भुरी ज्वारीच्या पोत्यांमागं. कळा देते, ओरडते, पुढं काही होत न्हाई. महानंदा हात लावायला गेली, मीच अडवलं. मांजर आपल्या हातात मेलं तर सोन्याचं मांजर करून दान द्यावं लागतं — एवढं मोठं पाप. सगळ्यांना बजावलं, लांब राहा, तिचं ती बघेल. आणि गिऱ्हाईक करत बसलो. पायली मोजताना दोनदा चुकलो.

दुपारी ओरडणं थांबलं. ते जास्त वाईट. वाकून बघितलं तर आडवी पडलेली, पोट हलतंय, आणि मागं पिल्लाचं इवलंसं ओलं शेपूट बाहेर आलेलं. पिल्लू अडकलं होतं. खोटं कशाला लिहू, भ्यालो.

महानंदा येऊन खाली बसली. "आप्पा, पाप लागलं तर मला लागू द्या." जन्मात पहिल्यांदा मला उलटून बोलली. मागून नीलम्मा करडईचं तेल घेऊन आलीच. पोरीनं भुरीला धरलं, आईनं बोटाला तेल लावून, कळ आली की तेवढंच, हळू ओढलं. पिल्लू मेलेलं निघालं. दुसरं पण मेलेलं. तिसरं जितं हाय.

भुरीचं रक्त लई गेलं. नीलम्मा हात धुताना म्हणाली, "हाडं भरायच्या आधी पोट भरलं. मग दुसरं काय व्हायचंय?" माझ्याकडं बघितलं न्हाई.

शुद्ध ३

सकाळी पाहतो तर भुरी गेलेली. ज्यांनी हात लावला त्यांना कसलं पाप? अर्धा दिवस मीच कुणाला हात लावू दिला न्हाई. महानंदा पिल्लाला कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजते. रडत न्हाई पोरगी. रडली असती तर बरं वाटलं असतं.

शुद्ध ५

महानंदाला पाठवायचं न्हाई. ठरवलं. सोळाची होऊ दे, मग बघू. कल्याणराव म्हणतील, पोराचं दुसरं लगीन लावतो. लावा म्हणावं. दिलेली जुबान मोडतोय, भाऊबंद तोंडावर हसतील — हसू देत. उद्या स्वतः उमापूरला जाऊन सांगणार.

नीलम्माला सांगितलं. खूश होईल वाटलं. भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी उचलली न्हाई.

शुद्ध ६

उमापूरला गेलो न्हाई. बैल जुंपले होते. नीलम्मा दारात आडवी आली. म्हणाली, आता उशीर झाला. पोरीला दिवस गेलेत, तिसरा महिना चालू हाय. तुमच्या आवाजाला भिऊन दोघींनी सांगितलं न्हाई.

बैल सोडले. महानंदा आत हाय. आत जायला पाय उचलत न्हाई.