नाल्याकाठचा पालक

रविवार, जानेवारी. पिंप्राळा.

धुळ्याहून आलो तो डोकं तापलेलंच. नानाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, नाल्याकाठच्या पालकात विषारी कॅडमियम आहे. गेल्या महिन्यातच सांगितलं होतं, आज रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो. नमुने मीच घेतले होते, विळा न लावता, हाताने खुडून. पानं शुद्ध पाण्यात धुऊन मगच प्रयोगशाळेत दिली. म्हणजे वरची धूळ नव्हे, पानाच्या आतलाच धातू.

नाना चार माणसांत हसला. "तुले काय समजस रे? कालेजनं तोंड तरी देखेल शे का? धुईसन खावानं, बस!"

धुऊन! मुळातून चढलेलं धुऊन जातं का? डिग्रीवाल्याने हेच सांगितलं असतं तर त्याला खुर्ची दिली असती. मी पुस्तकं स्वतः वाचली, हाच माझा गुन्हा?

निघताना वहिनी पालकाची जुडी पिशवीत घालू लागली. मी पिशवी मागे ओढली. ती हळूच म्हणाली, "ल्या भाऊजी, ही विहिरना पाणीनी शे. तुम्हीन सांगं तवयपासून घरमा हीच शिजस. तुम्हना भाऊनीच येगळा वाफा करेल शे."

म्हणजे नानाला पटलंय. महिनाभर पटलेलंच आहे. आणि अंगणात नाल्याकाठच्या जुड्या बाजाराच्या टेम्पोत चढत होत्या. ताज्या दिसाव्यात म्हणून नानाच त्यांच्यावर पाणी शिंपडत होता.

मला खरंच मूर्ख समजला असता तर सोसलं असतं. टेम्पो गेला. मीही रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला. जुडी घेतली आणि बस पकडली.