चतुराला विचारायचं, पण सप्लाय झाल्यावर

८ फेब्रुवारी १९८४, नाशिकरोड
आमच्या गायन पार्टीचा अँप्लिफायर ट्रकच्या बॅटरीवर चालतो. काल रमाई जयंतीला चतुरा गात होती आणि बॅटरी बसली. बिचारी तशीच गात राहिली. चौदा एप्रिलच्या आत मी तिला घरच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय करून देणार. तो चालला की त्याच दिवशी तिला लग्नाचं विचारणार. आधी नाही. रिकाम्या हाताने काय विचारायचं?

१२ फेब्रुवारी
मोटार रिवाइंडिंगवाला मल्हारी म्हणतो, साधा लिनिअर कर, ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळून देतो. आठ किलोचं धूड! निम्मी वीज नुसती तापण्यात वाया. मी एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात आहे. (स्टोअरमध्ये क्लार्क. पण वीज ती वीज.) मी स्विच-मोडच करणार. हलका, थंड, जेवणाच्या डब्यात मावेल. परदेशात आता सगळे तेच करतात.

४ मार्च, संध्याकाळ
चतुराकडे गेलो. रिकामा डबा दाखवून स्विचिंग समजावलं : सेकंदाला वीस हजार वेळा चालू-बंद. तिची आई नवसाबाई म्हणाली, "लय बारीक हाय रे, दम धरंल ना?" हसलो. निघताना चतुरा फाटकापर्यंत आली. आणखी काही बोलायचं होतं का, असं तिने विचारलं. म्हटलं, हो, ट्रान्सफॉर्मरचा फेराइट कोअर अजून मुंबईहून यायचाय.

८ एप्रिल
तिसरा ट्रान्झिस्टर उडाला. माल डुप्लिकेट. डिझाइनमध्ये दोष नाही.

१४ एप्रिल
चतुरा दुसऱ्या कडव्यावर होती. भोंग्यातून शिट्टी, मग फट्, मग माझ्या डब्यातून धूर. लोक हसले. ती नाही हसली. मल्हारीने आपलं धूड हातगाडीवर घालून आणलं. घूंऽऽ करत शेवटपर्यंत चाललं. मला तर ती घरघर ऐकवेना. आज विचारणारच होतो. पण धुराच्या वासात नको.

६ मे
जमलं! सलग तीन तास चालला, डबा थंडगार. इस्त्रीचा शर्ट घालून थेट चतुराकडे. घरात पाहुणे. नवसाबाईने हातावर पेढा ठेवला. चतुराचं मल्हारीशी ठरलं.
चतुरा ओट्यावर आली. हळूच म्हणाली, मार्चमध्ये विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते.
मी म्हटलं, मार्चमध्ये व्होल्टेज स्थिर नव्हतं.
ती आत निघून गेली. घरी येऊन रडतोय. माझं फार प्रेम होतं तिच्यावर. तेवढं सोडून सगळं सांगितलं.