साखळी तुटली नाही

लातूर,
मंगळवार, ८ जुलै

प्रिय अण्णा,

तुला आणि वैनीला शरणु. मावशीचा हात कसा आहे? झोप लागते का तिला? प्लास्टरच्या आत खाजतं म्हणून बेजार होत असेल. इकडं आम्ही ठीक. सुकन्याची बारावी, त्यामुळं घरात सगळे चवड्यांवर चालून राहिलोत.

तू म्हणशील, फोन सोडून ह्या बयेला पत्र कुठून सुचलं. रविवार रात्रीपासून तुझे फोन येऊन राहिलेत आणि मी उचलेना. ऑफिसात काम लई आहे असं सुकन्याकडून सांगितलं, ते खोटं. आमच्या पतसंस्थेत सध्या कुत्रं फिरकत नाही. आज तर रजाच टाकली.

तुझा व्हॉइस मेसेज मात्र ऐकला. "रुद्री, मनाला लावून घेऊ नको बाय. तुला कानडी कळलं न्हाई, त्यात तुझी काय चूक? पडायचं होतं, पडली." परत परत ऐकला. तू चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

थांब, कुकर उतरवून येते.

हां. तर कानडीचं. दिवाळीआधी लकव्यानं मावशीची उजवी बाजू गेली, आणि मराठी पार पुसली गेली. तोंडात राहिलं ते तिच्या माहेरचं कानडी तेवढं. तू म्हणालास, रुद्री, तुझी आई गेल्यावर हिनंच तुला वाढवलं, तू जवळ बसून बोललीस तर तिला जीव येईल. त्याच दिवशी मी फोनवर कानडी शिकायचं अ‍ॅप घेतलं. रोज एक धडा. एक दिवस चुकला की साखळी तुटते, दिवसांचा आकडा परत शून्यावर. खोटं का बोलू, सुरुवातीला ह्या साखळीनंच मला ओढलं. मी मुलखाची आळशी, पण दूध तापेपर्यंत धडा व्हायचा. अक्षरं ओळखू यायला लागली. घरच्या ग्रुपवर मी आकडा टाकायची, तुम्ही टाळ्या पाठवायचात.

मग धडे अवघड झाले. चुका व्हायला लागल्या, दूध उतू जायला लागलं. आणि अ‍ॅपला काय, कुठलाही धडा केला तरी साखळी शाबूत. मी पहिलाच धडा परत परत करायला लागले. नीरु म्हणजे पाणी, मने म्हणजे घर, हालु म्हणजे दूध. संक्रांतीपासून तेच. एकदा तापानं फणफणले होते, तेव्हा सुकन्याला म्हटलं, माझा धडा तेवढा कर बाई. तिला कानडीचा ओ की ठो येत नाही, तरी सगळी उत्तरं बरोबर. "आई, ह्यात चित्रंच असतात की," म्हणाली. मी तिच्यावरच खेकसले. आकडा मात्र ग्रुपवर टाकला.

शिकणं कधीच थांबलं होतं अण्णा, मी नुसती राखण करत होते.

आता रविवारचं. मघापासून दोनदा उठून आले, कुठं केर दिसतो, कुठं नळ गळतो. पण लिहिते.

पहाटेची बस धरायची म्हणून धडा राहिला. देवणीत तुमच्याकडं पोचले तर सकाळपासून लाईट नाही आणि माझ्या फोनची बॅटरी लाल झालेली. तू आणि वैनी शेजारी बारशाला गेलात. मावशीनं डाव्या हातानं माझा हात धरला. वाकड्या तोंडानं हसली आणि काहीतरी लांबलचक सांगत बसली. मी नुसती हूं हूं करत होते, एक डोळा फोनवर. खोलीत रेंज नाही.

तेव्हा ती म्हणाली, "नीरु कोडु."

अण्णा, मला कळलं होतं. पाणी दे म्हणाली, हे कळायला अ‍ॅपसुद्धा लागत नाही. लहानपणापासून तिच्या तोंडून ऐकलंय. तांब्या दोन हातांवर होता. मी म्हटलं, "आलेच मावशी," तिच्या हातातून हात सोडवला आणि रेंजसाठी गच्चीवर पळाले. फोन बंद पडायच्या आत धडा उरकायचा होता. पाण्याच्या पेल्याचं चित्र आलं, मी त्यावर बोट ठेवलं, आणि खाली तांब्या पडल्याचा आवाज झाला.

तुम्ही धावत आलात तेव्हा सांगितलं, ऑफिसचा फोन होता, आणि ती काय मागत होती ते मला कळलं नाही. दवाखान्यात वैनीनं डॉक्टरांना तेच सांगितलं. मी शेजारीच उभी होते.

साखळी तुटली नाही. काल सकाळीही धडा केला. निर्लज्जासारखा, दूध तापेपर्यंत.

तिचा धड असलेला तेवढाच हात. त्या डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजा केल्याशिवाय तिनं कधी घास घेतला नाही. आजारपणातसुद्धा वैनी फूल वाहायची, तळहात तिचाच. आता तिथं प्लास्टर. पूजा नाही म्हणून जेवण नाही, गोळीपुरतं दूध घेते, असं तू पुढच्या मेसेजात सांगितलंस. 

मला कांजण्या आल्या होत्या ते आठवतं का तुला? ती पूजेला बसलेली, लिंग हातावर, आणि मी पाणी मागितलं. तिनं लिंग गळ्यातल्या चौक्याच्या डबीत परत ठेवलं आणि उठली. तुझे आप्पा म्हणाले, "अगं, पूजा मोडली की." ती म्हणाली, "देव थांबतो. लेकराला तहान लागली हाय." पुन्हा पूजेला कधी बसली ते मला आठवत नाही. पाणी गार होतं, एवढं आठवतं.

संगप्पा काका डोळे दाखवायला आले होते, ते दुपारी देवणीला परत निघालेत. त्यांच्याजवळ हे देते, म्हणजे मी उद्या सकाळी पोचायच्या आधी तुझ्या हातात पडेल. तुझ्या तोंडाकडं बघून हे माझ्यानं बोलवलं नसतं. फोन घरीच ठेवून येते. प्लास्टरच्या बाहेर बोटं मोकळी आहेत ना तिची? मी तिचा हात खालून धरून बसेन, लिंग बोटांवर राहील. लागू दे तिला लागेल तेवढा वेळ. मग तिनं दोन घास खाल्ले तर बघू.

वैनीला हे वाचून दाखव. मावशीला मात्र तू सांगू नको, मी सांगेन. "मला कळलं होतं" हे कानडीत कसं म्हणतात, ते तेवढं मला शिकव. कुठल्या तरी पुढच्या धड्यात असेल, तिथवर मी गेलेच नाही.

पाणी द्यायची राहिलेली,
तुझी रुद्री