फोड नेमका कुठे

२३ फेब्रुवारी १९८६
आठ मार्चला भांडुपच्या महिला मंडळात माझं भाषण. विषय: आपलं शरीर, आपली भाषा. लाज हाच बाईचा खरा आजार, या वाक्याला टाळ्या नक्की.
जाता जाता नोंद: तिथे फोड आलाय. बसताना कळ येते. क्षुल्लक बाब.

२४ फेब्रुवारी
लायब्ररीत वैद्यकाचा जाडा ग्रंथ वाचला, उभ्यानेच. आजार दोनच संभवतात. एक असाध्य, दुसरा बदनाम. रात्री जेवताना नवऱ्याचा चेहरा निरखला. नंदकिशोर निष्पाप दिसतो. म्हणूनच शंका.

२५ फेब्रुवारी
स्वावलंबन! जंतुनाशक औषध पाणी न मिसळता तसंच लावलं. किंचाळले. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, काय गं, पाल? हो म्हटलं. झाडू घेऊन आत यायला निघाल्या.

२७ फेब्रुवारी
घाटकोपरच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. सरळ शब्दांत सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी विचारलं, फोड कुठे? तोंडातून निघालं, घशात. टॉर्च लावून म्हणाले, आ करा. भाषणं कमी करा, मिठाच्या गुळण्या करा.
करतेय. सल्ला वाया का घालवा?

१ मार्च
चालणं मुश्कील. मुलुंडला लेडी डॉक्टर गाठली. बाईचं दुखणं बाईलाच कळतं. पण तिनेही तेच विचारलं, नेमका कुठे? मी स्त्रीच्या शोषणाचा इतिहास सांगू लागले. मध्येच म्हणाली, ताई, टेबलावर झोपा बघू.
केसाच्या मुळाशी पू धरलाय, बस्स. ब्लेड फिरवलंत? घट्ट नायलॉन? सुगंधी साबण? हो, हो, हो. आता कोमट पाण्याचा शेक, सैल सुती कपडे, जागा कोरडी ठेवा. दाबून फोडू नका. वाढला किंवा ताप आला तर लगेच या.
ब्लेड नंदकिशोरचं होतं. म्हणजे मूळ पुरुषसत्तेतच.

८ मार्च
फोड बसला. भाषण झकास.
शेवटी मागून पार्वती नावाची बाई उठली. म्हणाली, बाई, माझ्या पोरीला तिथे फोड आलाय, रडते, डॉक्टरला काय सांगू? मी गरजले, लाजायचं नाही! सरळ शब्द वापरायचा! टाळ्या.
पार्वती खाली बसेना. म्हणाली, तोच विचारतेय ना. कोणता?
सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.
माइक बिघडला. घरी येताना नंदकिशोरला तसं सांगितलं. तो म्हणाला, अगं, माइकवरून तुझं खाकरणं तर शेवटच्या रांगेत मलाही ऐकू येत होतं.
घसा, म्हटलं.